किल्ल्यातल्या गावातलं काळ्या शेळीचं मटण

कोरियात राहायला आलेल्या मराठी माणसाची मटणाच्या बाबतीत आबाळ होते. सुपरमार्केटात डुकराचं मांस, गोमांस आणि कोंबडी ओळीनं मांडलेली असते, बोकडाचं मटण मात्र दिसत नाही. बुसानमध्ये मशिदीच्या आसपासच्या दुकानांत गोठवलेलं मटण मिळतं, आमच्यासारख्यांचं त्यावर भागतं. मी कोल्हापूरची, डुक्कर आणि गोमांस खात नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतली मंडळी एकत्र जेवायला निघाली की माझ्या वाट्याला बहुतेक वेळा मासळी यायची. आमच्या सन्बेनिमना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना, हे ठाऊक होतं. शरद ऋतूतल्या जेवणाची जागा ठरवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, या वेळी डोंगरावर जाऊ, तिथे काळी शेळी मिळते.

आमची प्रयोगशाळा ज्या पुसान नॅशनल युनिव्हर्सिटीत आहे, ती गमजंग डोंगराच्या पायथ्याशीच आहे. या डोंगरावर कोरियातली सर्वांत मोठी डोंगरी तटबंदी आहे. जपानी आणि मांचू स्वाऱ्यांनी पोळलेल्या चोसन राजवटीनं १७०३ मध्ये ती बांधून घेतली. तटाची लांबी जवळजवळ अठरा किलोमीटर आहे आणि त्याच्या आत एक आख्खं गाव वसलेलं आहे. कागदोपत्री ते गमसंग-दोंग, पण लोक त्याला सानसंग, म्हणजे डोंगरी किल्ल्याचं गाव, असंच म्हणतात. सह्याद्रीतल्या गडांवर एखाददुसरं घर, एखादं मंदिर बघायची सवय असलेल्या मला, तटाच्या आत बसथांबे, शाळा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खानावळी पाहून फार आनंद झाला. जवळजवळ प्रत्येक खानावळीच्या पाटीवर शेळीचं चित्र होतं.

खानावळीनं आम्हाला न्यायला स्वतःची व्हॅन पाठवली होती. इथल्या बऱ्याच खानावळी मोठ्या गटांसाठी अशी सोय करतात, कारण वर येऊन माकगल्ली, म्हणजे तांदळाची आंबवलेली दारू, प्यायल्यावर कुणी गाडी चालवू नये. व्हॅन चालवणारा गृहस्थ त्या घरचा मुलगा होता. आम्हाला उतरवून तो थेट मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीपाशी जाऊन उभा राहिला. त्याची बायको खोल्यांमधून वाढत होती. आणि ओसरीवर उन्हात बसून त्याची आई पातीसारख्या दिसणाऱ्या कोरियन भाजीच्या जुड्या निवडत होती. आमची मंडळी तिला ‘हाल्मोनी’, आजी, म्हणत होती आणि सुनेला ‘इमो’, मावशी. खानावळीत वाढणाऱ्या बाईला मावशी म्हणायची तिथली रीतच आहे, आणि ती मला पहिल्यापासून आवडते.

आवारात जाळी लावलेलं एक मैदान होतं. पायानं चेंडू जाळीपलीकडे मारायचा ‘जोकगू’ नावाचा खेळ तिथे चालतो. आमची पोरं लगेच तिकडे पळाली. मी आजीपाशी बसले.

कोरियन मला कामापुरतीच येते, म्हणून सन्बेनिम मध्ये बसून दोन्ही बाजू सांगत होते. आजी या गावात सून म्हणून आली, तेव्हा घरी शेळ्या होत्या आणि सासू नुरुक तुडवायची. नुरुक म्हणजे माकगल्लीचं खमीर. भरडलेला गहू भिजवून, फडक्यात गुंडाळून, पायानं तुडवून त्याची मोठी चपटी भाकरी करतात आणि ती उबदार खोलीत ठेवून बुरशी येऊ देतात. डोंगरावर भातशेतीला फारशी जागा नाही, त्यामुळे या गावाचा संसार नुरुकवर चालायचा. पण घरगुती दारूवर सरकारची बंदी होती आणि १९६५ नंतर तांदळाची दारू गाळायलाही मनाई झाली. धान्य वाचवायचं होतं, हे कारण समजण्यासारखं आहे. पण इथल्या बायकांच्या हातचं काम त्यात गुन्हा ठरलं. अखेर अध्यक्ष पार्क चंग-ही यांच्या काळात, १९७९ मध्ये, इथल्या माकगल्लीला देशातलं पहिलं अधिकृत लोकपेय म्हणून परवानगी मिळाली. पार्क बुसानला लष्करी अधिकारी असताना त्यांनी ती चाखली होती. आजी हे सगळं सांगताना भाजी निवडत होती, हात क्षणभरही थांबला नाही. छापे पडायचे तेव्हा नुरुक कुठे लपवायचा, हे सांगताना मात्र तिनं डोंगराकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं हसली.

जेवायची खोली छोटी होती. जमिनीखालून ऊब येत होती, बैठं टेबल होतं. आधी आलेल्या वाट्यांनीच टेबल भरलं: मुळ्याचं पाणीदार किमची, सोया सॉसमध्ये मुरवलेली पेरिलाची पानं, ओकच्या फळांच्या पिठाची थरथरती वडी, पातीचं धिरडं. हे धिरडं पायथ्याच्या दोंगने भागाची खासियत आहे. पितळी रंगाच्या ॲल्युमिनियमच्या किटलीतून माकगल्ली आली. बाटलीतल्या गोडसर माकगल्लीपेक्षा ही आंबट आणि कडक, आठ टक्क्यांची. मी थोडीच घेतली, पण मटणाबरोबर हा आंबटपणा हवाच, हे पुढे पटलं.

पहिल्यांदा बुलगोगी आली. पातळ कापलेलं शेळीचं मांस सोया सॉस, लसूण, आलं, तिळाचं तेल आणि फळांच्या गोडव्यात मुरवून, दुहेरी जाळीत दाबून कोळशावर भाजलेलं. कडा करपलेल्या, आतून मऊ. पेरिलाच्या पानात एक तुकडा, कच्च्या लसणाची चकती आणि तिखट-खारट चटणी ठेवून पुडी करायची आणि एका घासात खायची. पेरिला आपल्या तुळशीच्या कुळातली. तिच्या पानाला बडीशेप आणि पुदिना यांच्या मधला वास येतो, आणि त्या वासानं मांसाचा उग्रपणा एकदम बसतो. सानसंग गाव या बुलगोगीसाठीच प्रसिद्ध आहे. मला ती आवडली, पण माझ्या जिभेला तिच्यात साखर जास्त वाटली. मटण गोड लागलं की ते मटण वाटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं जेवण त्यानंतर होतं. इमोनं शेगडीवर पसरट भांडं आणून ठेवलं: जनगोल, म्हणजे टेबलावर शिजत राहणारा रस्सा. खाली रात्रभर उकळलेल्या हाडांचं दाट पाणी, त्यात शिजवून फाडलेलं मटण, वर पातीचा आणि पेरिलाच्या पानांचा ढीग आणि त्यावर राखाडी रंगाच्या पिठाचे दोन डाव. ते पीठ पेरिलाच्या बियांचं होतं. आणि पानांखालून वर आले तपकिरी, पोकळ, लांब देठ. मी एक उचलून खाल्ला आणि ओळखला: अळूचा देठ. शरदात अळू काढताना देठ सोलून वाळवतात आणि घशाला खाजू नये म्हणून वापरण्याआधी भिजवून, उकळून घेतात, असं आजीनं सांगितलं. आमच्याकडे त्याची देठी होते, मटणात कुणी घातल्याचं मी ऐकलेलं नाही. घालायला हवा. रस्सा शोषून घेतो आणि दातांखाली मांसासारखाच लागतो.

तो रस्सा प्यायल्यावर मला कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्याची आठवण होणं साहजिकच होतं. आमच्याकडेही आधी मटणाचं अळणी काढतात आणि मग त्याला खसखस, तीळ, नारळाचं दूध लावून दाटपणा आणतात. तेलबियांची पूड मांसाच्या पाण्यात उतरली की जी गोलाई येते, ती इथेही होती. फरक मसाल्याचा. आमच्या पांढऱ्या रश्श्यात लवंग, वेलदोडा, दालचिनी पुढे असतात. इथे खडा मसाला अजिबात नाही. सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, आलं, लसूण, पेरिला, एवढंच. त्यामुळे मटण पूर्ण उघडं पडतं. जनावर कोवळं आहे की जून, पाणी नीट काढलंय की नाही, काही लपत नाही.

म्हणून मी स्वयंपाकघर बघायची परवानगी मागितली. आजी स्वतः उठून घेऊन गेली. मांस आधी गार पाण्यात भिजवून रक्त काढतात, ते पाणी बदलत राहतात. मग एक उकळी आणून ते पहिलं पाणी सरळ ओतून देतात. त्यानंतर खरी शिजवणी, आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट आणि आलं घालून. आपल्याकडे खाटीक कातडं सोलून टाकतो. इथे केस जाळून कातडं मांसावर ठेवतात, आणि शिजल्यावर ते पारदर्शक, चिकट, फार चवदार होतं. खच्ची न केलेल्या बोकडाचं मटण आजी घेतच नाही, दर्पामुळे. या एका बाबतीत तिचं आणि आमच्या गल्लीतल्या खाटकाचं एकमत झालं असतं. पहिलं पाणी ओतून देताना माझा जीव मात्र कळवळला. चव त्यातच असते, असं आम्ही मानतो. आजीच्या मते त्यात फक्त वास असतो.

शेळी कोरियात रोजचं अन्न कधी नव्हती. ती औषध होती. जुन्या वैद्यकात तिचं मांस उष्ण मानतात, थकलेल्याला आणि विशेषतः बाळंतिणीला देतात. अजूनही शहरांत काढे बनवणारी दुकानं आहेत, जिथे काळी शेळी जडीबुटींबरोबर उकळून तिचा अर्क पाकिटांत भरून देतात. सन्बेनिमच्या आईनं सुनेच्या बाळंतपणानंतर अशी खोकीभर पाकिटं पाठवली होती. आजीनं मला विचारलं, तुमच्याकडे बाळंतिणीला काय देता? मी सांगितलं, मटणाचं अळणी, हळद-मीठ घालून, तिखट न घालता. आजारी माणसालाही तेच. सन्बेनिमनी ते सांगितल्यावर तिनं माझा हात धरला आणि सुनेला हाक मारून ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्यानंतर माझ्या वाडग्यात नळीचे तुकडे न मागता पडत राहिले.

शेजारच्या खोलीत वयस्कर पुरुषांचा एक घोळका जेवत होता. सन्बेनिम हळू आवाजात म्हणाले, यातले काही जण पूर्वी कुत्र्याच्या मांसाच्या रश्श्याला जाणारे असतील. त्या विषयावर कोरियन माणूस परक्याशी सहसा बोलत नाही, म्हणून त्यांनी आपणहून काढला याचं मला अप्रूप वाटलं. उन्हाळ्यातल्या ‘साम्बोक’ या तीन दिवसांत अंगात ताकद यावी म्हणून गरम रस्सा खायची प्रथा आहे. कुणी कोंबडीचा खायचे, जुने लोक कुत्र्याचा. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या संसदेनं खाण्यासाठी कुत्रे पाळणं, मारणं आणि त्यांचं मांस विकणं यावर बंदीचा कायदा केला. शिक्षा २०२७ पासून लागू व्हायच्या, तोवरचा वेळ धंदा बदलायला दिलेला. बदललेल्या बऱ्याच खानावळींनी शेळीच धरली, कारण मसाला तोच चालतो: पेरिला, पात, आंबवलेलं सोयाबीन. मागणी वाढली आणि शेळी महागली. आजीच्या मुलाला हे बरं आणि वाईट दोन्ही वाटतं. गिऱ्हाईक वाढलं, पण चांगलं जनावर मिळवायला आता दूरवर फिरावं लागतं. परदेशी गोठवलेलं मांस स्वस्त पडतं, ते आणायचं का, यावर मायलेकांत वाद आहे आणि अजून तरी आई जिंकते आहे. ती जिंकत राहावी असं मला मनापासून वाटतं. अशा रश्श्यात गोठवलेलं मांस पहिल्याच घोटाला कळेल.

मटणाच्या तुकड्यांसाठी प्रत्येकासमोर एक छोटी वाटी होती: व्हिनेगर घातलेली तिखट चटणी, थोडी मोहरी, आणि तिच्यात हवं तेवढं पेरिलाचं पीठ आपणच मिसळायचं. इमो येऊन माझ्या वाटीत आणखी दोन चमचे पीठ घालून गेली. तिचं बरोबर होतं. आंबट, तिखट आणि तेलकट पीठ यांच्या त्या मिश्रणात कातड्यासकट तुकडा बुडवला की माकगल्लीचा तो घोट हवासा वाटतो.

शेवटी भांड्यात तळाशी राहिलेल्या रश्श्यात इमोनं भात, बारीक चिरलेलं किमची, भाजलेलं समुद्री शेवाळ आणि तिळाचं तेल घालून परतलं, दाबून पसरवलं आणि खाली खरपूस लागू दिलं. सगळ्या जेवणात मला सर्वांत जास्त आवडलेलं हेच.

बुसानला कधी जाणं झालं तर मेट्रोच्या पहिल्या मार्गावरच्या ओनचनजांग स्थानकावर उतरा आणि २०३ क्रमांकाच्या बसनं सानसंग गावात जा. जनगोल एकट्यासाठी करत नाहीत, निदान चौघं तरी असा. दर डुकराच्या मांसापेक्षा बराच जास्त असतो, ते धरून चला. बुलगोगी थोडीच मागवा, रश्श्यावर भर द्या आणि तळाशी वाटीभर रस्सा राहू द्या. तो संपवलात तर भात परतता येत नाही.