सातांचा हिशेब

मनुष्यप्राण्याला समसंख्येची ओढ उपजतच असावी. पाय दोन, हात दोन, श्वासही आत आणि बाहेर असा दुहेरी. म्हणूनच की काय, गिटारवर चार मात्रांची चाल मला सहा महिन्यांत साधली. सातांची मात्र हाताला काही केल्या मानवेना.

अडचण बुद्धीची नव्हती. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा चालतात, हे मैफलींत बसून कानांना ठाऊक झालेलेच होते. अडचण उजव्या हाताची होती. तारा छेडताना तो लंबकासारखा खाली-वर फिरतो. आठांच्या हिशेबात प्रत्येक आवर्तन खालच्या आघातानेच सुरू होते. सातांत पहिले आवर्तन खाली सुरू होऊन खालीच संपते. साहजिकच दुसऱ्याची सम वरच्या, दुबळ्या आघातावर येते. मग हात गुपचूप एक मात्रा पदरची घालतो आणि हिशेब जुळवून टाकतो!

थोरामोठ्यांनीही या विषम संख्यांशी निरनिराळे करार केलेले आहेत. डेव्ह ब्रूबेक १९५८ साली हिंदुस्थानात येऊन गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या चमूने पाच मात्रांचे 'टेक फाइव्ह' ध्वनिमुद्रित केले. ती रचना त्याचा सहकारी पॉल डेस्मंड याची. 'पिंक फ्लॉइड'चे १९७३ मधील 'मनी' सातांत चालते. पण गिटारच्या एकल वादनाची वेळ आली की मंडळी निमूटपणे चारांवर उतरतात. त्यांच्याविषयी मला फार आपुलकी वाटते.

माझी वाट मोकळी केली ती येथे, चेन्नईत, शेजारच्या शाळकरी मुलीने. ती कर्नाटक संगीत शिकते. तिचा मिश्र चापूही सातांचाच. "अंकल, मोजू नका, बोला," ती म्हणाली, आणि 'तकिट तक धिमि' असे बोलत राहिली. तिच्या बोलण्यात आठव्याची वाण कोठेच नव्हती. मीही बोलू लागलो. 'तकिट'ला हात खाली-वर-खाली जाई, आणि 'तक'चा आरंभ पुन्हा खालीच होई. दोन आघात लागोपाठ खाली! लंबक तेवढा एकदाच मोडायचा. पुढे सम आपोआप हाती येते.

बदलीवरच्या माणसाला मोजण्याची सवय फार. घर पुण्यात, कचेरी येथे. ताट एक, खुर्ची एक. तीन वर्षे माझे सगळे मोजमाप 'उणे एक' असेच चालले होते. सात म्हणजे आठांतून एक वजा नव्हे, सात म्हणजे सातच, हे कोणी तोंडाने सांगितले असते तर मी मान डोलावून फायलीकडे वळलो असतो. हाताने सांगितले तेव्हा मात्र ते ऐकावे लागले.

परवा रात्री दूरध्वनीवर पत्नीला ऐकवले. ती लहानपणी गाणे शिकलेली. तिने पलीकडे रूपक धरला. चौथीवर टाळी, सहावीवर टाळी. रूपकाची सम खाली असते, तेथे टाळी पडत नाही. तेव्हा पुण्यात सम केव्हा आली, हे मला त्या निःशब्द जागेवरूनच कळत होते. आम्ही बराच वेळ थांबलो नाही.