कुरव आणि सुरय

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मंडळींना समुद्रपक्ष्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु दिवाळीनंतर मुंबईस जाणारे आपल्यात पुष्कळ. गेटवेहून घारापुरीस निघालेल्या लाँचमागे उडणारा शुभ्र थवा पाहून ते 'सीगल' एवढे म्हणून मोकळे होतात. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना तेथे थोडे थांबून पाहावयास सांगतो.

सीगल म्हणजे आपला कुरव. थव्यात बहुधा त्याच्या दोन जाती मिसळलेल्या असतात : काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा. मात्र नावावर विसंबू नये. हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे होते, कानामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. आणि विणीच्या काळातही पहिल्याचे डोके खरे तर गडद तपकिरीच असते! म्हणून पंख पाहावेत. पहिल्याच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी असते, काळी किनार अगदी शेवटी. दुसऱ्याच्या पंखांची टोके काळीभोर व त्यांत पांढरे ठिपके. हा अंगाने थोराड, चोचीने जाड. प्रौढ पक्ष्याचे बुबुळ फिके. लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी तो वीण करतो.

हीच नजर घेऊन आपल्या कन्हानेकाठी यावे. येथे पाण्यावर घिरट्या घालून एकाएकी सूर मारणारा पांढुरका पक्षी कुरव नव्हे. तो नदी सुरय. कुरवाची शेपटी आखूड, गोलसर. सुरयाची लांब, दुभंगलेली. कुरव पाण्यावर निवांत तरंगतो, सुरय क्वचितच. उन्हाळ्यात त्याची टोपी काळी, चोच पिवळी व पाय तांबडे दिसतात.

कुरव पाहुणा, चैत्राच्या सुमारास परतणारा. सुरय मात्र येथलाच. तो घरटे बांधीत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नदीतील उघड्या वाळूवर उथळ खळगा करून त्यात वाळूच्याच रंगाची अंडी घालतो. वाळू उपसली गेली, की त्याला दुसरी जागा नाही. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत तो आज 'असुरक्षित' गणला जातो.

तेव्हा उन्हाळ्यात पात्रात उतरलात आणि डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागले, तर पुढचे पाऊल टाकू नये. आल्या वाटेने मागे फिरावे आणि मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यास वा ट्रॅक्टरवाल्यासही सांगावे. अंडी पायाखालीच असतात.