चौतीस शेळ्यांची गाडी

पुतण्याच्या डाळिंबावर तेल्या आला. दोन हंगाम फवारण्यांत घालवून शेवटी त्याने बाग उपटली. देवळा तालुक्यात यात नवल काही नाही. आमच्या कसमादे पट्ट्यात डाळिंब काढून कुणी पुन्हा कांद्याकडे वळलं, कुणी मका लावला, कुणी पत्र्याची शेड मारून शेळ्या आणल्या. पुतण्या शेळ्यांकडे वळला. गव्हाणी बांधून झाल्यावर एका संध्याकाळी तो घरी आला. "नाना, राजस्थानातून सिरोही आणायच्यात. तुम्ही सोबत चला. व्यापारी फसवतात म्हणे."

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला डॉक्टर. व्यापाऱ्याची मला धास्ती नव्हती. दात बघता येतात, कास चाचपता येते. धास्ती होती ती रस्त्याची. नोकरीत असताना परराज्यातून आणलेले कळप माझ्यासमोर यायचे ते आठवडाभरानं. नाकं वाहतायत, खोकला, हगवण, दोन-चार शेळ्या कोपऱ्यात मान टाकून. मालक म्हणायचा, "इथली हवा मानवली नाही, डॉक्टर." हवेचा काही दोष नसायचा. पाश्चुरेला नावाचे जंतू निरोगी शेळीच्या घशातही गुपचूप राहतात. तिला दिवसभर उपाशी, तहानलेली, अंगाला अंग घासत, मुताच्या वाफेत उभी केली की प्रतिकारशक्ती ढासळते आणि तेच जंतू फुप्फुसात उतरतात. कळपात एखादी पीपीआरची असली, तर गाडीतल्या गर्दीत तो रोग सगळ्यांना वाटला जातो आणि घरी पोचल्यावर चार-सहा दिवसांनी फुटतो. म्हातारी माणसं याला अजून बुळकांडीच म्हणतात. गायी-बैलांची खरी बुळकांडी जगातून २०११ साली संपल्याचं जाहीर झालं. शेळ्या-मेंढ्यांतली तिची ही बहीण मात्र अजून फिरतेय, आणि तिला फिरायला ट्रक फार सोयीचा.

म्हणून मी पुतण्याला दोन अटी घातल्या. आधी जाऊन शेळ्या निवडायच्या, विसार द्यायचा आणि तिथल्याच डॉक्टरकडून पीपीआरची लस टोचून घ्यायची. मग किमान तीन आठवडे थांबायचं. लस टोचून त्याच दिवशी गाडीत घालणाऱ्यांना वाटतं काम झालं, पण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. दुसरी अट, गाडीत किती भरायच्या ते मी सांगेन. पहिली अट त्याने लगेच मानली. दुसरीवर बरेच दिवस वाद चालला.

गाडी मालेगावची, सतरा फुटी. ड्रायव्हर साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. भाडं ठोक ठरलं होतं, छत्तीस हजार. पुतण्याचा हिशेब असा की बहात्तर शेळ्या भरल्या तर शेळीमागे पाचशे पडतात. मी टेप घेऊन हौदा मोजला. मोटार वाहन नियमांत २०१५ साली जी भर पडली, तिच्यात शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा सांगितली आहे. सतरा फूट गुणिले साडेसहा फूट, म्हणजे सव्वादहा चौरस मीटरच्या आसपास. चौतीस शेळ्या. जनावर वाहतुकीचे जुने, १९७८ चे नियमही साडेचार-पाच टनी गाडीत चाळीसच्या वर शेळ्या घालू नका म्हणतात. चौतीस म्हटल्यावर भाडं शेळीमागे हजारावर गेलं. "कुणीच असं नेत नाही, नाना," पुतण्या म्हणाला. ते खरंच होतं. तिथल्या व्यापाऱ्याने तर फळ्या टाकून दुसरा मजला करून द्यायची तयारी दाखवली. खालच्यांवर वरच्यांचं सगळं गळत राहतं याला तो किरकोळ बाब समजत होता.

शेवटी माझ्या बाजूने बोलले ते चाचा. "माल खडा पाहिजे, साहब. बैठा की गेला." कमी माल म्हणजे डिझेल कमी, हा त्यांचा स्वार्थ त्यात होताच, पण बोलले ते अनुभवाचं. दाटीत एखादी शेळी खाली बसली की बाजूच्या तिच्यावर चढतात, तिला उठता येत नाही, आणि पुढच्या थांब्यापर्यंत ती गुदमरून मरते. उलटं, गाडी फार मोकळी ठेवली तर प्रत्येक ब्रेकला सगळा कळप पुढं घसरून आदळतो. म्हणून मधे आडव्या फळ्या लावून कप्पे करायचे. आम्ही तीन कप्पे केले. शिंगाळ बोकड एकीकडे, पाठी दुसरीकडे. तळाला आधी माती पसरली, वर बोटभर जाडीचा भुसा. नियमात हे अंथरूण पाच सेंटिमीटरचं सांगितलंय. नियम कुणी लिहिले कोण जाणे, पण लिहिणारा कधीतरी मुताने निसरड्या झालेल्या पत्र्यावर उभा राहिला असावा.

भरायच्या आधी मी सगळ्यांची पोटं चाचपली. चार शेळ्या व्यायच्या बेतात होत्या. व्यापारी म्हणाला, जातायेता व्याली तर करडू फुकट. मी त्या चार बाजूला काढल्या आणि बदलून दुसऱ्या घेतल्या. दिवस भरत आलेली शेळी गाडीत घालणं म्हणजे गाभडण्याला आमंत्रण. आरोग्याचा दाखला घेतला, कानातले बिल्ले त्यावरच्या आकड्यांशी जुळवले. आपल्याकडे १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केली आहे, आणि पुढच्या प्रवासात नाक्यानाक्यावर हा कागद विचारला जाणार होता.

अजमेरच्या बाजूने आम्ही संध्याकाळी निघालो. रस्ता म्हणजे भीलवाडा, चित्तोड, नीमच, मंदसौर, जावरा, रतलाम, लेबडवरून मानपूरला मुंबई-आग्रा हमरस्ता, मग खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, सौंदाणे आणि आमचं देवळा. साडेआठ-नऊशे किलोमीटर. केबिनमध्ये बसलं की मागं काय चाललंय ते कळत नाही, इंजिनापुढं सगळे आवाज बुडतात. म्हणून पुतण्या आणि त्याचा मित्र आळीपाळीने मागं बसत होते. प्रत्येक गाडीसोबत एक राखणदार असावा असं गुरांच्या बाबतीत नियमच सांगतो. मी बहुतेक गाड्यांत तो फक्त कागदावर पाहिला आहे.

माळव्यात फेब्रुवारीची रात्र चांगलीच झोंबते. पुढून ताडपत्री ओढली, मागून उघडी ठेवली. थंडी लागते म्हणून चौफेर ताडपत्री आवळणारे पुष्कळ आहेत. आत मुताचा उग्र वास इतका कोंडतो की माणसाचेही डोळे चुरचुरतात, आणि फुप्फुसं खराब व्हायला तिथंच सुरुवात होते. जावऱ्याच्या अलीकडे पहाटे मागून पत्र्यावर थाप पडली. चाचांनी गाडी कडेला घेतली. मधल्या कप्प्यात एक पाठ बसली होती आणि दुसरीचा पाय तिच्या मानेवर होता. तिला उचलून फाळक्यापाशी आणली, चोळली, गूळ-मीठ कालवलेलं पाणी तोंडाच्या कडेनं थोडं थोडं सोडलं. अर्ध्या तासाने ती उभी राहिली. मग बॅटरी मारून बाकीच्यांची तोंडं पाहिली. निम्म्याहून अधिक रवंथ करत होत्या. मला गाडीत हीच एक खूण विश्वासाची वाटते. घाबरलेली शेळी रवंथ करत नाही.

पाण्याचा वेगळाच पेच. शेळी फार चोखंदळ; अनोळखी पाणी हुंगते आणि तोंड फिरवते, मग ती तहानेनं व्याकूळ का असेना. हे माहीत असल्याने आम्ही त्यांच्याच गावच्या विहिरीचं पाणी कॅन भरभरून घेतलं होतं आणि पुढं पंपावरच्या पाण्यात तेच मिसळत गेलो, गुळाचा खडा टाकून. खलघाटला नर्मदेच्या अलीकडे गाडी झाडाखाली लावून सगळ्यांना पाजलं. त्यात तासभर गेला. चाचा बाजूला बिडी ओढत होते. म्हणाले, त्यांच्या उभ्या आयुष्यात मालकाने स्वतःहून गाडी थांबवल्याचं क्वचितच झालंय. फोन येतो तो "कुठंवर आलात" म्हणून. अमेरिकेत १८७३ साली रेल्वेने जाणाऱ्या गुरांसाठी कायदा झाला, अठ्ठावीस तासांच्या वर त्यांना उतरवून खाऊ-पिऊ घातल्याशिवाय नेता येणार नाही. युरोपात शेळ्या-मेंढ्यांना चौदा तासांनंतर पाणी आणि विश्रांती देणं बंधनकारक आहे. चाचांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "और ड्रायव्हर को कितने घंटे बाद?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. झोपेने डोळे मिटणारा ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो आणि मागची जनावरं एकमेकांवर पडतात, त्यामुळे प्रश्न गैरलागू अजिबात नव्हता.

नर्मदा ओलांडल्यावर एका ठिकाणी मोटरसायकलवरच्या काही पोरांनी गाडी अडवली. पहिला प्रश्न : "कापायला की पाळायला?" पुतण्याने दाखला, पावती, बिल्ल्यांची यादी सगळं पुढं केलं. फोनाफोनी झाली, कुणी अधिकारी आले, त्यांनी कागद पाहिले, खरं तर दोनदा पाहिले. या सगळ्यात तास-दीड तास गाडी भर उन्हात उभी. चालत्या गाडीत निदान वारा लागतो. उभ्या गाडीचा पत्रा तापतो. शेळ्या तोंड उघडून धापा टाकायला लागल्या. मी विनंती केली, गाडी त्या पलीकडच्या लिंबाखाली घेऊ द्या. कागद होईपर्यंत हलवायची नाही, असं उत्तर मिळालं. आलेल्यांपैकी एकानेही फाळक्यावरून आत डोकावून पाहिलं नाही. आत चौतीस आहेत की चौऱ्याहत्तर, पाणी शेवटचं कधी पाजलं, हे कुणी विचारलं नाही.

या देशात जनावर गाडीत चढलं की सगळ्यांना पडतो तो एकच प्रश्न, ते चाललंय कुठं. कसं चाललंय हा प्रश्न कुणाच्याच खात्यावर नाही. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला त्रास होईल अशा रीतीने नेणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हमरस्त्यावर धड नाश्ता होत नाही. शिवाय कत्तलीच्या संशयाने अडवलेल्या गाडीवर निदान बातमी तरी होते. पाळायला म्हणून शेड भरायला निघालेल्या गाड्या तितक्याच कोंबलेल्या असतात, आणि त्यांना तर आशीर्वादच मिळतात. २०२३ च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात राजस्थानचे शंभरावर उंट आले, पायी. कत्तलीसाठी नेतायत असा बोभाटा झाला, उंट अडवले गेले, काही नाशिकच्या पांजरपोळात ठेवले, काही मालेगावच्या गोशाळेत. इतक्या लांबून उन्हात चालून आलेले ते थकले-भागलेले उंट, त्यांतले काही दगावले. उरलेल्यांना परत चालवत न्यायला राजस्थानातून उंट पाळणारे रायका बोलवावे लागले, कारण उंट कसा चालवायचा, कुठं बसवायचा, हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. वाचवणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण अडवलेलं जनावरही प्रवासातलंच असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्याकडे साक्रीकडचे ठेलारी दरसाल मेंढरं घेऊन उतरतात, कांदा-मका निघालेल्या वावरांत बसवतात. त्यांची मेंढरंही लांबचाच पल्ला काढतात. पण दिवसाला ठरावीक चाल, दुपारी झाडाखाली, रात्री जाळीच्या वाघुरीत, आणि नुकती जन्मलेली कोकरं घोड्याच्या पाठीवर. गाव सोडताना असलेलं वजन त्या मेंढरांनी रस्त्यात गमावल्याचं मी पाहिलेलं नाही.

बिजासन घाट चाचांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरवला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून शिव्या घालत होत्या. धुळ्याला अंधार पडला, देवळ्यात पोचायला रात्र झाली. मंडळी शेडमध्ये भरडा घमेली भरून तयार ठेवून बसली होती, पाहुण्यांना जेवायला वाढावं तसं. तो आधी उचलायला लावला. रिकाम्या पोटी धान्य खाल्लं की शेळीचं पोट आंबतं आणि रस्त्यात वाचलेली गव्हाणीत मरते. आधी थोडं थोडं पाणी, मग कोरडा चारा, भरडा पुढच्या दिवसांत मुठीमुठीने. आणि सगळ्या वेगळ्या आवारात, गावातल्या शेळ्यांपासून लांब, महिनाभर. पुतण्याच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनींना, हे पटलं नाही : "इतल्या लांबथून उनी बिचारी, आन तिले भूकी ठेवतस?"

आठवड्याच्या आत तिघींना ताप आला, त्यातली एक गेली. तीच जावऱ्याची पाठ. फुप्फुसदाह होता. चौतीसातली एक. पुतण्याच्या ओळखीच्या एकाने त्याच महिन्यात दाटीने भरून आणलेल्या कळपातल्या डझनभर मेल्या होत्या, त्यामुळे शेळीमागे हजार भाड्याचा वाद आमच्या घरात तरी मिटला.

दुसरा वाद चालू आहे. मी म्हणतो, मुळात इतक्या लांबून आणायच्याच कशाला? नाशिक-नगरची आपली संगमनेरी शेळी आहे, दूधही देते, मांसालाही चांगली, हवापाणी तिच्या अंगवळणी. पुतण्या हसतो. ईदेला गिऱ्हाईक रूप बघतं, सिरोहीच्या तांबूस ठिपक्यांचे पैसे मिळतात, संगमनेरीचा व्हिडिओ कोण बघतो? त्याचं अगदीच चूक नाही. मग मी म्हटलं, आणायचाच तर सिरोहीचा एक चांगला बोकड आण, शेळ्या इथल्या घे, दोन पिढ्यांत रूप उतरेल. बोकड एकटा मोकळ्या टेम्पोत आरामात येतो. तो सध्या वहीत आकडे मांडून बघतोय. मधेच चाचांचा फोन येतो, गाडी रिकामी आहे, पुढची खेप कधी?