डब्याचे झाकण

मुंबईतील शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, त्या आठवड्यातील गोष्ट. रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध काका देवळाच्या पायरीवर थबकले व म्हणाले, “फादर, आमच्या पिढीची गाडी गेली!” वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. काकांची नोकरी मात्र दुसऱ्या एका मोटार कारखान्यात झाली. त्याचे नाव ते घेत नाहीत, म्हणून आम्हीही घेणार नाही. पालघरहून पहाटेची शटल गाठायची, मुंबईत दिवसभर गाड्यांना दरवाजे बसवायचे आणि रात्री घरी परतायचे, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम होता.

काकांच्या पोतडीतील गोष्टी ऐकाव्यात तेवढ्या थोड्या. ते नवे होते तेव्हा फोरमनने त्यांच्या हाती रिकामे पोते दिले व “स्टोअरमधून हवा भरून आण” म्हणून पिटाळले. नव्या पोराची ही चेष्टा ठरलेलीच असे. स्टोअरकीपरनेही गंभीर चेहऱ्याने “चिठ्ठीवर सही आणा” म्हणून त्यांना दोनदा माघारी धाडले. तिसऱ्या खेपेस काकांच्या ध्यानात सारा प्रकार आला. त्यांनी चाकांच्या विभागात जाऊन एक ट्यूब टम्म फुगवून घेतली, ती फोरमनपुढे ठेवली व म्हणाले, “साहेब, पोत्यातून गळत होती, म्हणून हिच्यात आणली.” त्या दिवसापासून त्यांची चेष्टा बंद झाली.

दुसरी गोष्ट झाकणाची. जोडणीच्या कारखान्यात गाडी कामगारापुढून सरकत जाते. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात 1913 साली रूढ झालेली ही पद्धत. एकाने दरवाजा बसवायचा, दुसऱ्याने काच, तिसऱ्याने अस्तर. पहिल्याची चूक तिसऱ्याच्या अस्तराखाली झाकली जाते व गाडीबरोबर पुढे निघून जाते. एकदा तपासणीच्या वेळी एका कोऱ्या गाडीचा दरवाजा खुळखुळू लागला. अस्तर सोडविले, तर आतून स्टीलच्या डब्याचे झाकण निघाले! सुट्टीआधीच घाईघाईने दोन घास खाताना काकांनी ते दरवाजाच्या पोकळीत टेकविले होते. झाकणावर काकूंचे नाव व लग्नाची तारीख ठसठशीत कोरलेली. गुन्हेगार शोधण्यास वेळ तो किती लागणार? विभागप्रमुखांनी झाकण काकांच्या हाती ठेवले व “उद्यापासून डबा कॅन्टीनमध्येच” एवढेच ते बोलले. मेमो नाही, पगारकपात नाही. पुढे कोणाचे काही चुकले की तो आपणहून धावत येई व म्हणे, “साहेब, माझे झाकण राहिले!”

आम्ही पोट धरून हसलो. परंतु घरी परतताना आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती हसण्याजोगी नव्हती.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणाची दोन बोटे पॉवर प्रेसखाली गेली होती. आम्ही त्याला इस्पितळात भेटावयास गेलो. प्रार्थना केली आणि न राहवून विचारले, “अरे, लक्ष कुठे होते तुझे?” त्याने भिंतीकडे तोंड फिरविले. पुढे त्याच्या सोबत्याकडून कळले की, त्या प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हात बटणांवर असतील तरच प्रेस खाली यावा, अशी ती योजना. पण दोन्ही हात गुंतले की दिवसाची मोजणी भरत नसे; म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले असे. हे सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणीच नव्हते.

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी 1963 सालची एक हकिकत सांगितली आहे. मोटारीच्या आसनांचे डावे-उजवे भाग कामगारांकडून अदलाबदल होत. ते होऊ नये म्हणून यंत्राला एक युक्ती बसविली होती. तिचे नाव ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खपणाला आळा. ते ऐकून तेथील एक कामगार स्त्री रडू लागली. “मी खरोखर इतकी मूर्ख आहे का?” असे तिने विचारले व दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिचे प्रमुख तिच्या घरी गेले. पुढे शिंगो यांनी ते नाव बदलून ‘पोका-योके’ केले. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने घडलेली चूक. युक्ती तीच राहिली; दोष मात्र माणसावरून उतरला.

इस्पितळातील आमचा प्रश्न त्या पहिल्या नावासारखाच होता, हे आम्हांला फार उशिरा उमगले. काकांना बरोबर घेऊन आम्ही बोईसरला त्या तरुणाच्या घरी गेलो. आता तो दोन मुलांचा बाप आहे. आम्ही म्हणालो, “बाळा, त्या दिवशी आम्ही चुकीचे विचारले.” त्याला काय बोलावे ते सुचेना. मग काकांनी झाकणाची गोष्ट सांगितली. तो हसला व बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिला.

“फादर, ती पट्टी त्या दिवशी मीच लावली होती,” तो म्हणाला. “हे आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.”

स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला. त्याची पत्नी चहा घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.