कार्डावरच्या तारखेवर जाऊ नकोस

नानाखेडा, उज्जैन
फेब्रुवारी २०२६

चि. बाळूस,


परवा फोनवर तू सहज म्हणालास, "लायसन्स ऑगस्टपर्यंत आहे ताई, तोवर बिनधास्त." शेजारी आई बसली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तुझ्या कार्डावर ऑगस्ट २०२६ छापलंय हे खरं. जर्मनीत गाडी चालवायचा तुझा हक्क मात्र एप्रिलमध्येच संपतोय.

हे घरच्या पत्रात लिहिता आलं असतं. पण आज नानाखेड्यापासून फ्रीगंजपर्यंत कुठल्याही मराठी घरात जा, एखादं पोर परदेशात असतंच, आणि त्याच्या पाकिटात एमपी-१३चं लायसन्स असतं. त्यांच्या आयांनी आणि बहिणींनीही हे वाचावं, म्हणून इथे लिहितेय.

तुझं लायसन्स २००६ सालचं, बारावी झाल्यावर काढलेलं. तेव्हाचा नियम वीस वर्षांचा किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंतचा होता, जे आधी येईल ते. म्हणून ऑगस्ट २०२६. ही तारीख उज्जैनच्या आरटीओने घातलेली आहे आणि तिचा अर्थ भारतापुरता आहे. तुझ्यासाठी दुसरी एक तारीख आहे, ती कुठल्याच कार्डावर नाही. स्टुटगार्टला घर घेऊन तू आनमेल्डुंग केलंस, म्हणजे 'मी आता इथला रहिवासी' असं नगरपालिकेत नोंदवलंस, ते ऑक्टोबरच्या मध्यात. तिथल्या परवाना नियमावलीच्या कलम २९ प्रमाणे युरोपीय संघाबाहेरचं लायसन्स माणूस तिथे राहायला लागल्यापासून सहा महिने चालतं. मुदत वाढवून मिळते, पण आपण एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार नाही हे पटवून देणाऱ्याला. तुझा करार तीन वर्षांचा आहे. तेव्हा एप्रिलच्या मध्यानंतर तुझं लायसन्स भारतात पूर्ण वैध आणि जर्मनीत निरुपयोगी, अशी स्थिती येईल.

"पण माझ्याकडे आयडीपी आहे, तो वर्षभराचा आहे," असं तू म्हणशील. आपण देतो तो इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा. ते मूळ लायसन्सचं भाषांतर आहे, स्वतंत्र लायसन्स नव्हे. मूळ लायसन्सच्या पुढे एक दिवसही तो जगत नाही, आणि सहा महिन्यांचे सात करायची ताकद त्याच्यात नाही. पर्यटकाला तो उपयोगी. तू आता पर्यटक नाहीस.

तुझा गोंधळ कुठून आला तेही मला ठाऊक आहे. आपल्या भावंडांच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपापल्या देशाचं सांगितलं, आणि प्रत्येकाचं खरंच होतं. आम्स्टरडॅमवाल्याने नगरपालिकेत भारतीय लायसन्स देऊन डच लायसन्स घेतलं, परीक्षेशिवाय. ते जमलं, कारण परदेशातून बोलावलेल्या तज्ज्ञ नोकरदारांना नेदरलँड्स जी तीस टक्क्यांची करसवलत देतं, त्या सवलतीत लायसन्स बदलून घ्यायची मुभा आहे. ती नसलेल्या भारतीयाला तिथेही १८५ दिवसांनंतर परीक्षाच द्यावी लागते. लंडनच्या मावसबहिणीला बारा महिने मिळाले. पण ते संपल्यावर तिलाही प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागली, कारण लायसन्स अदलाबदलीच्या ब्रिटनच्या यादीत भारत नाही. टोरंटोवाल्याला साठच दिवस होते. दुबईत रहिवासी व्हिसा लागला की आपलं लायसन्स लगेच थांबतं. अमेरिकेत तर राज्याराज्यांत फरक; कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढायला हवं. यातला एकही नियम तुला लागू नाही. तुझा नियम स्टुटगार्टच्या परवाना कार्यालयाचा.

आता मी इतकी मागे का लागलेय ते सांगते. उज्जैनच्या कोर्टात मी वर्षानुवर्षं मोटार अपघाताचे दावे चालवले. गाडी चांगली, चालवणारा शुद्धीत, चूकही धड त्याची नाही, आणि लायसन्स मात्र संपलेलं, अशा फाइली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. सुप्रीम कोर्टाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलं की अशा वेळी विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना पैसे आधी द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. जखमीच्या बाजूने हा निकाल फार मोलाचा आहे, मी त्याच्या आधारे कित्येकांना पैसे मिळवून दिले. पण वसुलीची नोटीस ज्याच्या दारी येते, त्या घराचं काय होतं हेही मी पाहिलंय. शेत जातं, दुकान जातं. पूर्वी लायसन्स संपल्यावर तीस दिवस ते चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. आता भारतातही संपलं म्हणजे त्याच दिवशी संपलं.

जर्मनीत तुझ्याकडून विमा कंपनीची वसुली कायद्याने पाच हजार युरोपर्यंतच आहे, एवढा दिलासा. पण तिथे ही बाब नुसत्या चलनाची नाही. लायसन्सचा हक्क नसताना गाडी चालवणं हा जर्मन रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम २१ खाली फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने ती चालवू दिली, तर तोही त्याच कलमात येतो. गाडी वहिनीच्या नावावर आहे, बाळू. एप्रिलनंतर किल्ली तुझ्या हातात देताना ती गुन्ह्यात ओढली जाईल, आणि तिला ते माहीतही नसेल. परदेशात राहण्याची परवानगी ज्या कागदांवर उभी असते, त्यांत फौजदारी नोंद मिसळू देऊ नये.

मग करायचं काय? परीक्षा. तुला हे वाचून वाईट वाटेल, हे मला कळतं. वीस वर्षं इंदूर रोडवर गाडी चालवलेल्या माणसाला पुन्हा शिकाऊ उमेदवारासारखं बसायचं, म्हणजे अपमान वाटतो. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका यांची लायसन्सं जर्मनी बदलून देते. त्या यादीत भारत नाही, हे मलाही खुपतं. ती यादी देशादेशांच्या व्यवहारातून ठरते. तुझा हात किती चांगला आहे, याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि खरं सांगू, परीक्षा तुझ्या भल्याची आहे असं माझं मत आहे. तुझा हात उत्तम आहे, पण तो उज्जैनचा हात आहे. नानाखेडा बसस्टँडसमोर इंदूरची बस, ई-रिक्षा, महाकालला निघालेल्या टॅक्स्या आणि मध्येच उभी गाय यांतून तू गाडी काढतोस ती नजरेने आणि हॉर्नने. समोरच्याचा अंदाज घेऊन जागा करून घेणं हे आपलं कौशल्य. तिथे समोरचा माणूस तुझा अंदाज घेतच नाही, तो तुला नियम माहीत आहे असं धरून चालतो. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो बारीक गल्लीतून का येईना. तो वेग कमी करणार नाही, कारण तू थांबशील याची त्याला खात्री असते. झेब्रावर पाऊल टाकू पाहणारा दिसला की थांबायचं. सायकलवाल्याला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. वळण्याआधी आरसा बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावं लागतं. परीक्षक तुझी मान पाहत असतो. वीस वर्षांचे सराईत लोक अडकतात ते इथेच. गाडी येत नाही म्हणून नव्हे, मान वळत नाही म्हणून.

नव्या ठिकाणची रीत शिकणं आपल्याला नवं नाही. राणोजी शिंद्यांच्या काळात आपली घराणी दक्षिणेतून इकडे आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालचं देऊळ पुन्हा उभं केलं, तेव्हापासूनची आपली इथली वस्ती. घरात मराठी राहिली, पण दाराबाहेरची माळवी, इथले सण, इथल्या बाजाराच्या चालीरीती आपण शिकलोच. त्याने कुणी लहान झालं नाही. तूही तेच करतोयस, फक्त आणखी लांब जाऊन.

परीक्षेचं असं. लेखीत तीस प्रश्न, दहापर्यंत दोषगुण चालतात. पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. ती इंग्रजीत देता येते. रस्त्यावरची परीक्षा ५५ मिनिटांची. त्याआधी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग आणि लायसन्सचं जर्मन भाषांतर लागतं. प्रथमोपचाराचा वर्ग मन लावून कर. अपघातानंतरच्या पहिल्या मिनिटांत शेजारचा माणूस काय करतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, हे मी दाव्यांच्या कागदांतून शिकले.

आता मुद्द्याची गोष्ट, इथे दोन्ही तारखा एकमेकींत अडकतात. नव्या माणसाला जर्मनीत ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास सक्तीचे असतात आणि त्यांचा खर्च मोठा. परदेशी लायसन्स असलेल्याला ही सक्ती नाही. हवे तेवढे तास घ्या आणि परीक्षेला बसा. पण अर्जासोबत लिहून द्यावं लागतं की माझं मूळ लायसन्स अजून वैध आहे. म्हणजे ऑगस्टची तारीख उलटून गेल्यावर अर्ज करायला गेलास, तर वीस वर्षांचा अनुभव असूनही नवशिक्यांच्या रांगेत जावं लागू शकेल. एप्रिलनंतर चालवता येणार नाही हे खरं, पण अर्ज मात्र ऑगस्टच्या पुष्कळ आधी आत गेला पाहिजे. या कार्यालयांत आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून मी म्हणते, याच महिन्यात अर्ज टाक.

भारतातलं नूतनीकरणही सोडू नकोस. मुदत संपण्याआधी वर्षभरापासून अर्ज करता येतो, आणि संपल्यानंतर एक वर्ष उलटलं तर इथेही पुन्हा चाचणी. तुझ्या वयाला आता दहा वर्षांचं मिळेल. चाळिशीच्या आत आहेस, म्हणून डॉक्टरच्या दाखल्याऐवजी स्वतःचं निवेदन पुरतं. चाळिशीनंतर दाखला लागतो. २०२१ पासून केंद्राने आधार क्रमांकावरून घरबसल्या मिळणाऱ्या सेवांत नूतनीकरण घातलंय. त्यासाठी दोन गोष्टी बघ: परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर तुझ्या जुन्या लायसन्सची नोंद दिसते का, आणि आधारला जोडलेला इथला मोबाइल नंबर चालू आहे का. तो नंबर बंद पडला की ओटीपी येणार नाही आणि सगळं तिथेच थांबेल. रिचार्ज मी करत राहीन, सिम तू सांभाळ. एक लक्षात ठेव, जर्मन लायसन्स हातात देताना तिथलं कार्यालय भारतीय कार्ड काढून घेतं. म्हणून दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आजच काढून मला पाठव.

एप्रिलपासून परीक्षा पास होईपर्यंत किल्ली वहिनीकडे. तिचं जर्मन लायसन्स लग्नाआधीचं आहे, ती तिथेच शिकली. तिच्या शेजारी बसून रस्ते बघ, तो सरावच आहे. तुमच्या छकुलीच्या शाळेसाठी ट्राम आणि एस-बान लोकल आहेच. महिन्याचं ६३ युरोचं तिकीट देशभर गावातल्या आणि जवळपासच्या सगळ्या गाड्यांना चालतं. पाऊस असेल, उशीर होत असेल, "पाच मिनिटांचंच तर अंतर" असं वाटेल, तरी गाडीला हात लावू नकोस. माझ्या फाइलींतले बहुतेक अपघात घराजवळच्या रस्त्यांवरचे आहेत.

दिवाळीला आलास की इकडे चालवायला तुझं भारतीय लायसन्स वैध असायला हवं, त्यासाठीही नूतनीकरण लागेलच. २०२८ च्या सिंहस्थासाठी इंदूर रोड सहापदरी होतोय, सगळीकडे खोदकाम आहे, तुला ओळखीचे फाटे सापडायचे नाहीत. आईला ओंकारेश्वरला न्यायचंय, तिने तुझ्याच गाडीतून जायचा हट्ट धरलाय. अर्ज टाकलास की पावतीचा फोटो ग्रुपवर न टाकता मला पाठव, मी तारखा तपासते.

तुझी,
ताई