कामगाराचा निष्काळजीपणा

गोव्यातल्या माणसाला सिल्वासा म्हटलं की २ ऑगस्ट १९५४ आठवतो. आपल्या मुक्तीच्या सात वर्षं आधी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाची आपली माणसं होती, सुधीर फडके होते. हे सगळं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. एकदा सिल्वासा बघायचं, असं तेव्हापासून मनात होतं. दोन वर्षांपूर्वी गेलो, पण कारण वेगळं होतं.

माझा भाचा तिथे प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. रात्रपाळीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. वापीला उतरलो, रिक्षा केली. वाटेत कारखानेच कारखाने. करसवलतींमुळे इथे उद्योग आले आणि त्यांच्यामागे ठिकठिकाणची मुलं आली, तसाच हाही आलेला.

"मामा, चूक म्हजीच," मला बघताच तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं कळलं. साच्याच्या यंत्राला दार असतं. ते उघडलं की यंत्र आपोआप थांबावं म्हणून तिथे एक स्विच असतो. हा स्विच तारेने बांधून ठेवला होता. दार उघडं ठेवून काम केलं की दर नगामागे दोन-तीन सेकंद वाचतात. तार भाच्याने बांधली नव्हती. तो कामाला लागला तेव्हापासून ती तशीच होती आणि सुपरवायझर रोज बघत होता.

कारखान्याच्या माणसाने अपघाताचा कागद दाखवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

ते शब्द मला पाठ होते. आमच्या खात्यात असे कागद माझ्याच टेबलावरून जातात. आलेलं कारण रजिस्टरात जसंच्या तसं उतरवायचं, हे माझं काम. इतक्या वर्षांत हे दोन शब्द किती वेळा लिहिले, मोजलेलं नाही. कधी हातही अडखळला नाही.

खरं तर कायदा तेव्हाही स्पष्ट होता. यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला असलाच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात होतं. भोपाळनंतर, १९८७ साली, त्यात कलम ७-क आलं: यंत्रं सुरक्षित ठेवणं, कामगाराला माहिती आणि प्रशिक्षण देणं, त्याच्यावर देखरेख ठेवणं हे कारखाना चालवणाऱ्याचं कर्तव्य. सुरक्षा साधनांशी मुद्दाम छेडछाड करू नये, असं बंधन कामगारावरही होतं. पण मालकाच्या डोळ्यांदेखत बांधलेली तार कामगाराच्या नावावर कशी घालायची? २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली. तिच्यातही हे कर्तव्य मालकाचंच आहे. शिवाय नेमणूकपत्र आणि ठरलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी हेही त्याच्याकडेच. भाच्याकडे नेमणूकपत्र नव्हतंच.

आता असा कागद आला की मी टिपणीत एक ओळ घालतो: 'यंत्राचं संरक्षक साधन चालू होतं काय, याचा उल्लेख नाही.' कारकुनाला याहून जास्त करता येत नाही. साहेब कधी सही करतात, कधी "हे तुमचं काम नव्हे" म्हणतात.

भाचा आता गावीच असतो. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला शिकलाय. चूक आपलीच, असं तो अजून म्हणतो. ते त्याच्या मनातून काढणं मला अजून जमलेलं नाही.