मुक्या इंजिनाची शिट्टी



तीन रुळांची 'ओ गेज' रेल्वे तुमच्यापैकी काहींनी ख्रिसमसच्या झाडाखाली फिरताना पाहिली असेल. मधल्या रुळातली वीज इंजिनाखालची छोटी रोलर्स उचलतात आणि चाकांमधून ती बाहेरच्या रुळांवाटे परत जाते. १९३५ साली लायनेल कंपनीने या गाडीला शिट्टी दिली. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात छोटी मोटर आणि पंखा असे. बटण दाबले की रुळातल्या एसी विजेत थोडी डीसी मिसळायची. डब्यातला रिले ती ओळखायचा आणि पंखा हवा फुंकायचा. पुढे शिट्टीचा आवाज चिपमध्ये साठवू लागले, पण बटणाची युक्ती तीच राहिली.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९९० च्या दशकातले असेच एक इंजिन होते, त्यांच्या मुलाच्या लहानपणचे. ते धावायचे छान, पण आधी वळणावर आवाज तुटू लागला आणि मग पूर्णच बंद झाला. "बोर्ड गेला, आता नवा मिळणार नाही," असे दुकानात सांगितले गेले. नातू सुट्टीत येणार होता आणि इंजिन टाकून देणे आजोबांच्या जिवावर आले होते. म्हणून ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आले.

प्रोग्राममधली चूक शोधताना आम्ही ऑफिसात जो नियम पाळतो, तोच मुलांबरोबर इथे पाळला: सोपे ते आधी, आणि एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदल वहीत लिहायचा.

पहिल्यांदा रूळ, चाके आणि रोलर्स आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसली. फडके काळेकुट्ट झाले! (तारेच्या काथ्याने रूळ घासू नका. त्याचे लोखंडी तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात.) आवाज नाहीच.

मग बॅटरी. या गाडीची दिशा बदलायची म्हणजे वीज क्षणभर तोडायची. तेवढा वेळ आवाज चालू ठेवायला आत ९ व्होल्टची बॅटरी असते. ती मेलेली होती, पण नशिबाने गळली नव्हती. नवी घातली. तरीही शांतता.

आता स्पीकर. त्याच्या तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल टेकवला तर 'टक्' असा आवाज आला. म्हणजे स्पीकर जिवंत! राहिल्या इंजिन आणि डबा जोडणाऱ्या बारीक तारा. मल्टीमीटर लावून धाकट्याने तार हळूच वाकवली, तशी मीटरची शिट्टी तुटली. प्लास्टिकच्या आत तांबे मोडले होते. वर्षानुवर्षे प्रत्येक वळणावर तीच तार वाकत होती. नवी तार लावून आम्ही सोल्डर केले आणि इंजिन ओरडले!

पण शिट्टीचे बटण दाबले की घंटा वाजायची. मुलांना वाटले, बोर्ड खरेच बिघडला. तसे नव्हते. डीसी उलट्या दिशेने आली की बोर्ड घंटा वाजवतो. ट्रान्सफॉर्मरपासून रुळांकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली आणि शिट्टी मिळाली.

रिमोटच्या गाड्यांचेही असेच असते. लायनेलच्या 'ट्रेनमास्टर' पद्धतीत अर्धा संदेश बाहेरच्या रुळातून जातो आणि उरलेला अर्धा घराच्या अर्थिंगमधून. प्लगची तिसरी पिन नीट जोडलेली नसेल तर चांगले इंजिनही ऐकत नाही.

कधी बोर्ड खरोखरच जळतो आणि तिथे आपला इलाज नसतो. पण "बोर्ड गेला" हे शेवटचे उत्तर आहे, पहिले नव्हे. या दुरुस्तीला लागली एक बॅटरी, वीतभर तार आणि दोन रविवार. सुट्टीत नातवाने शिट्टी इतकी वाजवली की शेवटी आजोबांनीच हात जोडले.

तुमच्या तळघरात एखादी मुकी गाडी असेल तर आई-बाबांना सोबत घ्या, आधी प्लग काढा, ट्रान्सफॉर्मर मात्र उघडू नका. आणि सुरुवात फडक्याने करा.